डभोईची गोळी, लोहगडाच्या बेड्या

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल मळवलीला थांबते तेव्हा उजव्या हाताला लोहगड आणि विसापूर ही जोडी दिसते. पुढे कामशेत, कान्हे, वडगाव घेत गाडी तळेगावला येते. रोज ये-जा करणाऱ्याला हा जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. मराठी राज्याच्या एका सेनापती घराण्याची चढती आणि उतरती कळा मात्र याच पट्ट्यात दिसली. तळेगावात या घराण्याचा वाडा होता, देवस्थाने होती, दूरदूरच्या विद्वानांची रीघ होती. लोहगडावर त्याच घराण्यातली माणसे कैदी म्हणून आली. तळेगावच्या वाड्यातून लोहगडाच्या कोठडीत येईपर्यंत वीस वर्षे गेली, आणि त्याला सुरुवात झाली मावळापासून खूप लांब, गुजरातेत डभोईजवळच्या मैदानात, १ एप्रिल १७३१ रोजी.

दाभाडे हे तळेगावचे पाटील घराणे. येसाजी दाभाडे शिवाजी महाराजांच्या पदरी होते. पुढे राजाराम महाराजांना रायगड सोडून जिंजीला जावे लागले तेव्हा त्या जीवघेण्या प्रवासात येसाजी आणि त्यांचे मुलगे सोबत होते. त्यांतले खंडेराव हे घराण्याचे खरे भाग्यविधाते. औरंगजेबाच्या फौजा दक्षिणेत अडकून पडल्या होत्या, त्या काळात खंडेरावांनी बागलाण आणि खानदेशातून गुजरातेत उतरण्याच्या वाटा धरल्या. सुरत-बऱ्हाणपूर हा त्या वेळचा मोठा व्यापारी मार्ग, त्यावर त्यांची चौथाई बसली. ती मोडून काढायला दक्षिणेचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अलीने झुल्फिकार बेगला पाठवले, तर खंडेरावांनी त्याला डोंगराळ मुलखात गाठून ठार केले. ११ जानेवारी १७१७ रोजी शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिले. पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले त्या मोहिमेतही खंडेराव होते. तळेगावजवळ इंद्रायणीच्या काठी इंदुरीला त्यांनी भुईकोट बांधला. त्याचा भक्कम दरवाजा आजही उभा आहे, आत कडजाई देवीचे मंदिर आहे.

खंडेरावांच्या फौजेत दमाजी गायकवाड नावाचे एक सरदार होते. खेड तालुक्यातल्या दावडीशी नाते सांगणारे हे घराणे. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत दमाजींनी नाव काढले आणि 'समशेर बहादूर' हा किताब मिळवला. ते लवकरच वारले आणि त्यांचा पुतण्या पिलाजी पुढे आला. पिलाजींनी सोनगडला ठाणे केले आणि तिथून दक्षिण गुजरातेत धन्याच्या नावाने वसुली सुरू केली. धनी तळेगावात, चाकर मुलखावर, अशी ती व्यवस्था होती. मुलूख सांभाळणारा चाकर पुढे मुलखाचा मालक होतो, हे इतिहासात वारंवार घडले आहे. इथे मात्र ते इतक्या सहजी घडले नाही आणि त्या न घडण्यातच या कथेचा जीव आहे.

२७ सप्टेंबर १७२९ रोजी खंडेराव वारले. जानेवारी १७३० मध्ये त्यांचा मुलगा त्र्यंबकराव सेनापती झाला. गुजरातच्या चौथाईवर दाभाड्यांचा हक्क आहे, तो त्यांच्या तलवारीने मिळवलेला आहे, ही घरातली पक्की समजूत होती आणि ती खोटी नव्हती. पण त्याच वर्षी बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा फौजेसह गुजरातेत उतरले आणि त्यांनी मोगल सुभेदार सरबुलंदखानाकडून चौथाई-सरदेशमुखीचा करार पेशव्यांच्या हाती घेतला. त्र्यंबकरावांना हा सरळ घाला वाटला. त्यांनी निजामाशी संधान बांधले. कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार, पिलाजी गायकवाड अशी गुजरात-माळव्यातली मातब्बर मंडळी त्यांच्या बाजूला आली. पेशव्यांच्या बाजूने विचार केला, तर राज्याचा सेनापतीच निजामाला मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. दाभाड्यांच्या बाजूने विचार केला, तर वडिलांनी कमावलेला मुलूख पेशव्यांनी परस्पर करारात घेतला होता. या भांडणात एकाच बाजूला न्याय होता असे म्हणणाऱ्याने कागद नीट वाचलेले नसतात.

बाजीराव मार्च १७३१ मध्ये बडोद्याच्या आसपास होते. निजाम आणि सेनापती एकत्र येण्याआधी सेनापतीला गाठायचे, हा त्यांचा नेहमीचा डाव. १ एप्रिलला डभोई आणि भिलापूरच्या दरम्यान दोन मराठी फौजा समोरासमोर आल्या. पहिल्या धडकेत दाभाड्यांच्या बाजूची बरीच फौज फुटली, पण सेनापती हटले नाहीत. आपल्या हत्तीच्या पायांत साखळ्या घालून त्यांनी त्याला जागीच उभे केले आणि अंबारीतून बाण सोडत राहिले, अशी हकीकत जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. बोटांची सालडी निघेपर्यंत धनुष्य चालत होते. मग बंदुकीची एक गोळी लागली आणि सेनापती अंबारीतच कोसळले. ही गोळी शत्रूची नव्हती, फितूर झालेल्या नातलगाची होती, अशीही एक गोष्ट मागे राहिली. उदाजी पवार आणि दाभाड्यांचे कारभारी चिमणाजी दामोदर कैद झाले. पिलाजी गायकवाड जखमी अवस्थेत निसटले, पण त्यांचा मुलगा सयाजी रणात पडला. एकाच दुपारी धन्याच्या घरातला कर्ता गेला आणि चाकराच्या घरातलाही मुलगा गेला. पुढची वीस वर्षे गायकवाडांनी दाभाड्यांचे नाव सोडले नाही, त्याचे एक कारण या दुपारीच शोधावे लागते.

त्र्यंबकरावांची आई उमाबाई तळेगावला होत्या. आभोण्याच्या देवराव ठोके देशमुखांची ही मुलगी. वणीच्या सप्तशृंगगडाच्या पायऱ्या बांधवून घेण्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. दीड वर्षापूर्वी नवरा गेला होता, आता तरणाताठा मुलगा गेला, तोही आपल्याच राज्याच्या पेशव्याच्या हातून. शाहू महाराज बाजीरावांना घेऊन स्वतः तळेगावला गेले, त्यांना उमाबाईंच्या पायांवर घातले आणि मुलाचा सूड घ्यायचा तर घ्या म्हणून तलवार पुढे केली, असे परंपरेने सांगतात. तपशिलात मीठमिरची असेल, पण छत्रपतींना तळेगावची मनधरणी करावी लागली हे मात्र खरे. धाकटे यशवंतराव अजून अल्पवयीन होते. सेनापतिपद त्यांच्या नावाने राहिले आणि गुजरातही दाभाड्यांकडेच राहिली. अट एकच होती: वसुलीचा अर्धा हिस्सा पेशव्यांमार्फत सरकारात भरायचा. ही अर्धी गुजरात पुढे घराण्याच्या गळ्यातला फास ठरली.

उमाबाईंना आज मराठ्यांच्या एकमेव महिला सरसेनापती म्हणतात. पद कागदावर मुलाचे होते, कारभार आईचा होता. आणि तो नुसता वाड्यात बसून केलेला कारभार नव्हता. १७३२ मध्ये गुजरातचा मोगल सुभेदार झालेल्या जोधपूरच्या अभयसिंहाने बोलणीच्या निमित्ताने डाकोरला पिलाजी गायकवाडांचा खून करवला. दुसऱ्याच वर्षी उमाबाई पिलाजींचा मुलगा दमाजी आणि कंठाजी कदम यांना घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या. लढाईत अभयसिंहाचा सेनानी जीवराज मारला गेला. शहर पडले नाही, पण चौथाई-सरदेशमुखी मान्य झाली, वर ८० हजार रुपये ठरले आणि ते चुकते होईपर्यंत जवांमर्दखान बाबी ओलीस राहिला. डभोईनंतर अवघ्या दोन वर्षांत दाभाड्यांचे निशाण अहमदाबादच्या तटासमोर होते, हे लक्षात घेतले की या बाईंचा आवाका कळतो.

घसरण रणात झाली नाही, घरात झाली. यशवंतराव मोठे झाले तरी कारभाराला लागले नाहीत. व्यसनाने ते पोखरत गेले. गुजरातेतला खरा जोर दमाजींकडे गेला. १७३४ मध्ये बडोदे पुन्हा गायकवाडांच्या हाती आले ते कायमचे. तरी कागदोपत्री ते सेनापतींचे मुतालिकच, म्हणजे प्रतिनिधीच, राहिले. शाहू महाराज होते तोवर पेशव्यांनी अर्ध्या गुजरातेचा तगादा फार ताणला नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज गेले आणि सगळे बदलले. बाजीरावांनंतर पेशवे झालेल्या त्यांच्या मुलावर, नानासाहेबांवर, कर्जाचा डोंगर होता, त्यांना पैसा हवा होता.

नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई आळंदीला नानासाहेबांना भेटल्या. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: अर्ध्या हिश्श्याचा करार आमच्याकडून जबरदस्तीने घेतला, तो आम्हांवर बंधनकारक नाही. मुलाच्या चितेनंतर घेतलेली सही ही सही कशी, हा त्या बोलण्याचा गाभा होता. नानासाहेबांनी मानले नाही. त्याच सुमारास साताऱ्यात ताराबाईंनी नवे छत्रपती रामराजे यांना कैदेत टाकले आणि पेशव्यांविरुद्ध उठाव केला. उमाबाईंनी ताराबाईंच्या मदतीला दमाजी गायकवाडांना १५ हजार फौज देऊन पाठवले. दमाजींनी निंबजवळ पेशव्यांच्या फौजेला मागे सारले आणि ते साताऱ्यात दाखल झाले. पण मार्चमध्ये त्र्यंबकराव पुरंदऱ्यांनी वेण्णेकाठी त्यांना गाठले, त्यांची फौज कृष्णेच्या खोऱ्यात कोंडली गेली आणि तह करण्याची पाळी आली. नानासाहेबही स्वारी अर्धवट टाकून साताऱ्याला पोचले.

३० एप्रिल १७५१ ची संध्याकाळ. बोलणी चालू होती. पेशव्यांची मागणी २५ लाखांची आणि शिवाय मुलखाची. दमाजींचे उत्तर होते की, मी सेनापतींचा चाकर, माझ्या हाती हे देणे नाही, तळेगावला उमाबाईंना विचारा. त्याच संध्याकाळी पेशव्यांच्या फौजेने त्यांच्या छावणीवर झडप घातली. बोलणीच्या भरवशावर बेसावध असलेली छावणी प्रतिकार न करता पडली. नानासाहेब पेशवे मोठे कारभारी होते. पुण्याला त्यांनी शहराचे रूप दिले. पण ही संध्याकाळ त्यांच्या नावावर डाग म्हणूनच राहते, तिचे समर्थन करायचे कारण नाही.

मे महिन्यात दमाजी आणि त्यांची माणसे पुण्याला आणली गेली. पाठोपाठ दाभाडे मंडळीही अटकेत आली. सेनापतिपद गेले, सरंजाम जप्त झाला. पुण्यात दमाजींना रोज तेच विचारले जाई आणि त्यांचे उत्तर रोज तेच असे. १९ जुलैला पहारा कडक केला गेला. १४ नोव्हेंबर १७५१ रोजी गायकवाड आणि दाभाडे दोघांना लोहगडावर पाठवण्यात आले.

आज लोहगडावर लोक भाज्याच्या बाजूने चढतात, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी दरवाज्यांची माळ ओलांडतात, विंचूकाट्यावर उभे राहून पवनेचे पाणी पाहतात. पावसाळ्यात तर वाटेवर माणसांची रांग लागते. या गडाच्या तटावरून इंदुरी-तळेगावचा मुलूख फार लांब नाही. नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते. त्या हवेत आपलेच गाव दूरवर ओळखू येत असताना बेड्यांत बसणे काय असेल, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. दमाजींच्या पायांत लोखंड पडले होते. मार्च १७५२ मध्ये त्यांनी मान तुकवली. दाभाड्यांची बाजू सोडायची, पेशव्यांना १५ लाख रोख आणि दरसाल सव्वापाच लाख द्यायचे, अर्धी गुजरात द्यायची, चाकरीला स्वार ठेवायचे, असे ठरले. त्या बदल्यात अर्ध्या गुजरातेचे धनी म्हणून मान्यता. आणखी एक कलम होते आणि सगळ्यात बोचरे तेच: दाभाड्यांच्या पोटापाण्याची तजवीज आता गायकवाडांनी करायची. ज्यांच्या नावाने तीस वर्षे वसुली केली, त्यांना आता नेमणूक द्यायची होती.

दमाजींना बेइमान ठरवणे सोपे आहे. पण ज्याने जवळजवळ वर्षभर, छावणीत, पुण्यात आणि गडावर 'मी चाकर आहे' हे एकच उत्तर दिले, त्याला शेवटच्या महिन्यावरून तोलणे अन्यायाचे होईल. या घटनेनंतर दमाजी पेशव्यांना मुजरा करत तो डाव्या हाताने, अशी आख्यायिका गायकवाडांच्या घरात पिढ्यान्पिढ्या राहिली. ते पेशव्यांच्या सोबत लढले, १७५३ मध्ये नानासाहेबांचे भाऊ रघुनाथराव यांच्याबरोबर अहमदाबाद घेतले, पानिपतावरही गेले. पण उजवा हात त्यांनी राखून ठेवला.

उमाबाई त्यानंतर फार जगल्या नाहीत. नोव्हेंबर १७५३ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तळेगावात बनेश्वराच्या आवारात खंडेरावांची समाधी आहे, तिथेच त्यांचीही. खंडेरावांच्या समाधीवरचे दगडी शिल्पकाम बारकाईने पाहण्याजोगे आहे. सेनापतींचे वंशज तळेगावात इनामदार, सरदार म्हणून मानाने राहिले. पण राज्याच्या सैन्याची सूत्रे त्या वाड्यात पुन्हा कधी आली नाहीत.

गावाला मात्र युद्धाने सोडले नाही. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावाला गादीवर बसवायला इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारीला कार्ल्याला त्यांचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. मावळात तोच 'इष्टुर फाकडा' झाला आणि त्याचे थडगे वडगावात आहे. ९ तारखेला इंग्रज तळेगावला पोचले, तर मराठ्यांनी गाव आधीच रिकामे करून जाळून टाकलेले. दाणागोटा नाही, निवारा नाही. ११ तारखेच्या रात्री त्यांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या आणि मागे फिरले. वडगावला वेढा पडला आणि तिथे शरणागतीचा तह झाला. महादजी शिंद्यांचा हा विजय सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यासाठी एक गाव स्वतःच्या हाताने जाळावे लागले होते, त्याची आठवण कमी निघते.

डभोईची गोळी जिथे जिथे पोचली, त्यांतला एक रस्ता बडोद्याला जातो. लोहगडावरून सुटलेल्या दमाजींचे राज्य ब्रिटिश अमलात २१ तोफांच्या सलामीचे संस्थान झाले. १८७५ मध्ये मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक गेलेला मुलगा सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर आला. त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये आणि मराठी ग्रंथांना आश्रय दिला, तो महाराष्ट्र विसरलेला नाही. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. खंडेरावांनी ज्या मुलखावर पहिल्यांदा घोडे घातले, त्या मुलखाच्या उत्पन्नातून ही शिष्यवृत्ती दिली गेली.

दुसरा रस्ता जवळचा आहे, तळेगावहून पुण्याला जाणारा. खंडेराव दाभाडे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. लांबलांबचे शास्त्री त्यासाठी तळेगावी येत. डभोईनंतर हा खर्च घराण्याला झेपेना, तेव्हा बाजीरावांनी तो सोहळा पुण्याला नेला. यात धर्मकृत्य सांभाळणे होते, तसेच मोठेपणाचे केंद्र तळेगावहून उचलून शनिवारवाड्याजवळ आणणेही होते. पुढे नानासाहेबांच्या काळात दक्षिणेचा आकडा लाखांवर गेला. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात हजारो ब्राह्मणांना कोंडून एकेकाला बाहेर सोडत दक्षिणा दिली जाई. शास्त्र जाणणारे आणि नुसते जानवे दाखवणारे एकाच रांगेत उभे राहू लागले. तळेगावच्या वाड्यातल्या विद्वानांची जागा पुण्यातल्या गर्दीने घेतली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही, ५० हजारांवर आणली आणि ती विद्येकडे वळवली. त्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज उघडले. तेच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. १८४९ मध्ये लोकहितवादींसह सुधारक मंडळींनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही मिळावा. पुण्यातली सनातनी मंडळी खवळली, तेव्हा जोतीराव फुले अर्जदारांच्या संरक्षणासाठी माणसे घेऊन उभे राहिले. दक्षिणा प्राइज कमिटी आली, नव्या मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे यांनी तरुणपणी दक्षिणा फेलोशिपवर अभ्यास केला. १८५५ मध्ये फुल्यांनी भटभिक्षुकीच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकरी जोडप्यावरचे 'तृतीय रत्न' हे नाटक याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे बक्षिसासाठी पाठवले. कमिटीने ते नाकारले.